'नाही' लिहिण्याआधी

"सापडला का गं तुझा परग्रहावरचा हिरवा माणूस?" मावशीने दारातूनच विचारलं आणि ओलं फडकं शिट्टीबाईच्या खुर्चीखाली सारलं. "पाय वर घे."

शिट्टीबाईने पाय वर घेतले. पडद्यावरची नजर काढली नाही. "सापडला की आधी इथंच आणते. कान तपासते त्याचे."

"आणि केसपेपर नसेल त्याच्याकडं?"

"मग वर खिडकीवर पाठवते. नियम म्हणजे नियम."

मावशी खो खो हसली. फडकं पिळून बादलीत टाकलं आणि पडद्याकडे वाकून बघितलं. करड्या वाळूसारखे ठिपके. दुसरं काही नाही.

"यात काय दिसतं तुला?"

"काहीच नाही."

"मग बघतेस कशाला?"

"काहीच नाही असं म्हणण्याआधी कोणीतरी बघायला नको का?"

मावशीने कपाळाला हात लावला आणि बादली उचलून पुढच्या खोलीकडे निघून गेली.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, सिलिंडरच्या कोठीला लागून, कान तपासायची खोली होती. खोलीच्या आत जाड भिंतींची आणखी एक छोटी केबिन. तिचं दार लावलं की बाहेर भांडण पेटलं तरी आत कळायचं नाही. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. "शिट्टी ऐकू आली की दाबायचं. लांबून आली तरी दाबायचं. आल्यासारखं वाटलं तरी दाबायचं." हे वाक्य शिट्टीबाईने इतक्यांदा म्हटलं होतं की तिचं खरं नाव इस्पितळात पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं.

दुपारी डबा खाताना आणि रविवारी घरी बसून ती दुसरं काम करायची. त्याचा पगार नव्हता. कुठेतरी लांब उघड्या माळावर मोठमोठ्या अँटेना ताऱ्यांकडे तोंड करून उभ्या असतात. आभाळातून ज्या रेडिओ लहरी येतात त्यांची चित्रं बनतात आणि ती हौशी लोकांना वाटली जातात. चित्रात एखादी रेघ आहे का बघायचं आणि सांगायचं: आहे, नाही, सांगता येत नाही. रेघ अगदी सरळ असली तर ती आपलीच, पृथ्वीवरची. कोणाचा तरी फोन, कुठलं तरी यंत्र. तिरकी असली तर थांबायचं, कारण आपली पृथ्वी फिरते आणि लांबून येणारा सूर त्यामुळे कलतो. तरीही खात्री नाही. मग अँटेनाची मान त्या ताऱ्यावरून दुसरीकडे वळवलेली असते तेव्हाचं चित्र बघायचं. मान वळवल्यावरही तोच सूर येत असेल तर तोही आपलाच. आजवर प्रत्येक वेळी तो आपलाच निघाला होता.

का करते ती हे, याची उत्तरं इस्पितळात सगळ्यांकडे होती. नवऱ्याला सोडलेली, पोर नाही, म्हणून आभाळाकडे डोळे. लोकांना बाईच्या कुठल्याही कामामागे एकतर नवरा दिसतो, नाहीतर नवऱ्याची उणीव. पुरुष ताऱ्यांकडे बघतो तेव्हा तो अभ्यासू. बाई बघते तेव्हा बिचारी. शिट्टीबाईला या बिचारेपणाचा संताप यायचा. चित्रं पाठवणाऱ्या मंडळींनी एकदा सगळ्या हौशी लोकांना विचारलं होतं, तुम्ही या शोधाला साथ का देता? तिने उत्तर लिहिलं होतं: माझ्या धंद्यात एकदा शिट्टी देऊन 'ऐकू येत नाही' असं लिहीत नाहीत. दुसऱ्यांदा देतात, दुसऱ्या सुरात देतात, मग लिहितात. उत्तर मंडळींना आवडलं होतं. तिलाही आवडलं होतं. छान होतं ते. खोटं होतं.

त्या दिवशी डबा झाकत होती तेवढ्यात दारात तिचा थोरला भाऊ उभा राहिला.

"तू सुट्टीवर असशील असं वाटलं होतं," तो म्हणाला.

त्याच्या मागे, त्याच्या सदऱ्याची बाही धरून, बाप उभा होता. सिलिंडरच्या कोठीकडे तोंड, दाराकडे पाठ. तिने आधी मान ओळखली. मानेवरचा तो जुना भाजल्याचा डाग. चेहरा नंतर दिसला, तो ओळखायला वेळ लागला. बॉयलरच्या कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून ज्याचे दंड मांड्यांसारखे झाले होते, त्या माणसाच्या सदऱ्यात आता नुसती हवा होती.

"काय झालं, दादा?"

"व्हायचं काय राहिलंय? आज संस्थेत सोडतोय त्यांना. गाडी बाहेर उभी आहे. आत घ्यायला डोळ्यांची अन् कानांची तपासणी लागते म्हणे. डोळ्यांची झाली. तू सही करून दे."

"बसव आत. तपासते."

"तपासायचं काय त्यात? वरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. काही कळत नाही त्यांना. हाक मारली तर बघत नाहीत. जेव म्हटलं तर बसून राहतात. मागच्या वर्षी आईला हाका मारायचे, आई जाऊन किती वर्षं झाली तरी. आता तेही थांबलं. बटण काय दाबणार आहेत ते?"

"संस्थेत कुठल्या बाजूला ठेवणार?"

ती संस्था शिट्टीबाईला ठाऊक होती. दोन भाग होते. उघड्या भागात बाग, बाकं, संध्याकाळी फिरणं. दुसऱ्या भागाला बाहेरून कुलूप. ज्याला काही कळत नाही असा शिक्का बसला, तो कुलपाच्या आत. तिथून कोणी बाहेरच्या बाजूला आल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

"बंद विभागात," भाऊ म्हणाला. "माझ्याकडं असं बघू नकोस. तीन वेळा घरातून निघून गेले. बायकोचं कंबरडं मोडलंय त्यांना उचलून उचलून. तू कुठं होतीस?"

"तपासल्याशिवाय मी सही करत नाही," ती म्हणाली. हे प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण तिच्याकडे तेवढंच होतं.

तिने बापाचा हात धरला. किती वर्षांनी धरला याचा हिशेब करायला ती थांबली नाही. केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं. बटण त्याच्या हातातून पडलं. तिने तिचं वाक्य म्हटलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसा.

"बघ," बाहेरून भाऊ म्हणाला.

न बोलणाऱ्या लहान मुलांसाठी करते तसं तिने केलं. हेडफोनमध्ये जाड, मोठा सूर सोडला आणि त्याच क्षणी त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बटण दाबलं. सूर बंद, अंगठा वर. पुन्हा. पुन्हा. असं चार-पाचदा करून झाल्यावर तिने आपला अंगठा काढून घेतला, केबिनचं दार लावलं आणि काचेच्या अलीकडे येऊन बसली.

बारीक सुरांपासून सुरुवात केली. दिवा लागला नाही. आवाज वाढवला. नाही. यंत्राच्या टोकापर्यंत वाढवला. काचेपलीकडे बाप गुडघ्यांकडे बघत बसला होता.

"अगं, कशाला हाल करतेस त्यांचे? गाडीवाला खोळंबलाय."

"दादा, जरा गप्प बस."

ती खालच्या सुरांवर उतरली. जाड सूर, ढोलाच्या पोटातून यावा तसा. मोठ्याने. काही नाही. आणखी मोठ्याने.

दिवा लागला.

शिट्टीबाई आनंदली नाही. खोटी बटणं तिने आयुष्यभर पाहिली होती. माणसं आपण बहिरे नाही हे दाखवायला हवेतच बटण दाबतात. तिने सूर बंद ठेवला आणि वाट बघितली. लांबलचक वाट. दिवा लागला नाही. मग अचानक सूर दिला. लागला. लगेच पुन्हा दिला. लागला. मग इतका वेळ थांबली की भावाने घसा खाकरला, दिवा विझलेलाच. सूर. दिवा.

आत माणूस होता.

तिने आलेख काढला. डावीकडे खाली, आणि मग एकदम कडा तुटल्यासारखा सरळ दरीत. हा कडा ती डोळे मिटून काढू शकली असती. बॉयलरवाल्यांचा कडा. त्या कारखान्यातली किती माणसं तिच्या केबिनमध्ये बसून गेली असतील! लोखंडी पिंपाच्या आत बसून वरून घण घातला की कानाचं काय होतं हे ती त्यांच्या बायकांना समजावून सांगायची. "मुद्दाम करत नाहीत हो ते. पाठमोरं बोललात तर त्यांना कळणारच नाही. समोर या, तोंड दिसू दे, मग बोला." बायका रडायच्या. कोणी म्हणायची, मी इतकी वर्षं समजत होते माझ्याशी बोलायचंच नाही यांना.

हे ती परक्यांना सांगायची. आणि तिचा स्वतःचा बाप त्याच कारखान्यात त्याच पिंपांत बसत होता.

नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा ती सरळ बापाच्या फाटकापर्यंत आली होती. हातात पिशवी. बाप फाटकाच्या बिजागरीला तेल घालत वाकून बसला होता, तिच्याकडे पाठ करून. रस्त्यावरून येतानाच तिने वाक्य शंभरदा घोळवलं होतं, आणि ऐन वेळी आवाज निघाला तो एवढासा: "बाबा, मी परत येऊ का?" बापाने मान वळवली नाही. तेलाचा डबा उचलला, आत गेला, दाराची कडी लागल्याचा आवाज आला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. खोली घेतली, हे काम शिकली, पोट भरलं. त्यानंतर त्या फाटकाशी कधी गेली नाही. आईच्या दिवसांनाही गेली नाही. बापाने तोंड फिरवलं, हे तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की त्या वाक्याला आता तिचाच वास येत होता.

कान शिकून झाल्यावर तरी तिने दोन आणि दोन चार करायला हवे होते. शेंबड्या पोराला जमलं असतं. तिने केले नाहीत, कारण बापाला ऐकूच आलं नव्हतं असं निघालं असतं तर तो सगळा राग फुकट गेला असता, आणि त्या रागावर तिचं घर उभं होतं. मग ती आभाळाकडे वळली. तिथे कोणी पाठ फिरवत नाही. तिथे उत्तर आलं नाही तर कोणाची चूक नसते. लाखो कोटी मैलांवर कान लावणं सोपं असतं. एक फाटक ढकलून, पुढे जाऊन, माणसाच्या समोर उभं राहून तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणणं महाकठीण. या शोधाला साथ का देता? यासाठी. काम खोटं नव्हतं, उद्याही ती ते करणार होती. पण तिने सांगितलेलं कारण खोटं होतं.

आणि सगळ्यात वाईट हे, की आलेखही तिच्या बाजूने काही बोलत नव्हता. आलेखावर तारीख आजची पडते. बहिरेपणाची पडत नाही. त्या दिवशी फाटकाशी त्याला ऐकू आलं नव्हतं, की ऐकू येऊनच तो आत गेला होता? विचारायचं कोणाला?

"ऐकू येत नाही त्यांना, दादा," ती म्हणाली. "बहिरे झालेत ते. तुम्ही हाका मारता त्या पोचतच नाहीत. वहिनीचा आवाज तर बारीक, तो साफच नाही. डोकं किती गेलंय ते नंतरचं. आधी कान."

भाऊ स्टुलावर बसला. आलेख हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"म्हणजे मी त्यांना ओरडायचो ते... हट्टी म्हातारा म्हणायचो मी, तोंडावर."

"ते नसेल ऐकलं."

"हसवू नकोस." त्याने डोळे पुसले. मग आवाज चढला. "आणि हे तू आज सांगतेस? कान तपासायचा धंदा तुझा! अख्ख्या गावाचे तपासलेस. आता म्हणतेस बंद विभागात घालू नका. ठीक आहे. तुझ्या खोलीवर ने. आत्ता. गाडी वळवतो मी."

तिसरा मजला, लिफ्ट नाही, सकाळी आठला घर सोडायचं. ही सगळी कारणं खरी होती. ती एकेक करून सांगता आली असती. शिट्टीबाईने उत्तर दिलं नाही. ऐकलं मात्र होतं.

भावाने मान हलवली. "बघ," तो हळू म्हणाला.

ती आलेख घेऊन जिन्याने वर गेली. मेंदूचे डॉक्टर बाहेर पडायच्या घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता. उभ्या उभ्या त्यांनी आलेख नीट बघितला.

"बाई, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. कान गेलेत. पण कानामुळे माणूस मेलेल्या बायकोला हाका मारत नाही. घराचा रस्ता विसरत नाही. दोन्ही असू शकतं."

"असू शकतं, सर. पण कान गेलेत हे धरून पुन्हा तपासा ना. लिहून दाखवा, खुणा करा. तोवर उघड्या भागात ठेवा."

"उघड्या भागात जागा नाही. आणि निघून जातात ते. फाइलला लावतो हे, महिन्याभराने बघू." त्यांनी पेन खिशाला अडकवलं आणि एकदम हसले. "तुम्हीच ना त्या परग्रहवाल्या? तुमचा धीर दांडगा आहे हं. तिकडेही असंच आशेवर चालतं का सगळं?"

"तिकडे आशा लागत नाही, सर," शिट्टीबाई म्हणाली. "तिकडे कोणी नाही असं ठरलं तरी त्याला कोणी कुलपात घालत नाही."

डॉक्टरांचं हसू गेलं. महिन्याभराने, एवढंच पुन्हा म्हणाले आणि गेले.

खाली आली तेव्हा भाऊ गाडी दारापाशी आणायला गेला होता. बाप खोलीबाहेरच्या दालनातल्या लोखंडी बाकावर एकटा बसला होता. मावशी जवळ उभी होती.

"तुझे वडील होय गं?" तिने कुजबुजत विचारलं. "कधी बोलली नाहीस. मघापासून हातवारे करतायत. मला वाटलं, पाणी हवंय. दिलं तर घेतलं नाही."

"डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय, हात हलणं रोगाचं लक्षण आहे."

"असेल बाई," म्हणत मावशी सरकली.

शिट्टीबाई बापाच्या समोर उकिडवी बसली. समोर, तोंड दिसेल असं. "बाबा," ती म्हणाली, जाड आवाज काढून, ओठ सावकाश हलवत. "मी आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं. ओळख होती की नव्हती, सांगता येत नाही. मग त्याचे हात पुन्हा हलले. उजवी मूठ डाव्या मनगटावर दोनदा आपटली, तळवा उघडला, दोन बोटं खांद्याकडे वळली. थांबला. पुन्हा तेच, त्याच क्रमाने. कंप पावणारे हात असे क्रम धरत नाहीत.

तिला आठवलं, याच बाकावर बॉयलरवाले आपल्या पाळीची वाट बघत बसायचे तेव्हा असेच बोलायचे. दालनात शांतता असली तरी हातांनीच. घणांच्या गोंगाटात कोणाचं तोंड उपयोगाचं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्यापुरती बोटांची भाषा करून घेतली होती. सुट्टी झाली, मुकादम आला, बिडी आहे का, मागे सर. ती दाराच्या काचेतून बघायची आणि तिला गंमत वाटायची. एकाचाही अर्थ तिने कधी विचारला नाही. कारखाना बंद पडला, माणसं एकेक करून गेली. आता ही भाषा येणारा बहुतेक हा एकच उरला होता, आणि तो ती बोलत होता. घरात, रस्त्यावर, डॉक्टरांसमोर, कोण जाणे किती दिवस.

"काय म्हणताय, बाबा?" तिने त्याच्या हातांकडे बोट दाखवलं. "मला येत नाही हो हे."

मूठ, मूठ, तळवा, दोन बोटं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिने मान वर केली. त्याने नाही केली.

काहीच सुचेना, तेव्हा तिने त्याच्यासारखं केलं. उजवी मूठ डाव्या मनगटावर आपटली, दोनदा. तळवा उघडला. दोन बोटं खांद्याकडे नेली.

बापाने तिच्या हातांकडे बघितलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, नवशिक्या कामगाराने पाना उलटा धरला की पडावी तशी. त्याने हात पुढे केला, तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, बाहेर राहिलेला तिचा अंगठा उचलून आत मुडपला आणि त्यावर तिची चारही बोटं एकेक करून बंद केली. मग आपले हात काढून घेतले आणि हनुवटी उचलली. आता कर.

"चला," भाऊ दारातून म्हणाला.

तिने पुन्हा केलं.